कॅडेट पथक आणि त्यामागची समिती : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कॅडेट पथकं म्हणजे गणवेशात लष्करी धाटणीचं प्रशिक्षण घेणाऱ्या मुलामुलींची पथकं. त्यांच्यासाठी पैसा, जागा आणि माणसं उभी करणाऱ्या स्वयंसेवी समित्यांबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच धाटणीची पत्रं एकत्र केली आहेत. नियम देशागणिक बदलतात, म्हणून एखादा नियम ठरावीक देशापुरता असेल तर तिथे त्या देशाचं नाव दिलं आहे.

प्रश्न : मुलगी यंदा कॅडेट झाली आणि पालकसभेत मला समितीत यायचा आग्रह झाला. पथक चालवायला गणवेशातले अधिकारी आहेत, मग समितीचं नेमकं काम काय?
— एका कॅडेटची आई

प्रशिक्षण, शिस्त, कवायत, कोणाला कोणती जबाबदारी द्यायची हे सगळं पथकप्रमुखाचं. पैसा, भाड्याची जागा, विमा, स्वयंसेवकांची भरती, पालकांशी आणि देणगीदारांशी संबंध हे समितीचं. ही वाटणी जुनी आहे. ब्रिटनमध्ये १९३८ साली एअर कमोडोर चामिअर यांनी एअर लीग या विमानविद्येचा प्रसार करणाऱ्या संस्थेच्या आश्रयाने एअर डिफेन्स कॅडेट कोअर सुरू केली, तेव्हा गावोगावच्या पथकांचा पैसा स्थानिक लोकांनीच उभा करायचा होता. ५ फेब्रुवारी १९४१ रोजी तिची एअर ट्रेनिंग कोअर झाली आणि सरकारने ती हाती घेतली, पण पथकामागची नागरी समिती तशीच राहिली. कॅनडात गणवेश, प्रशिक्षण आणि अधिकारी संरक्षण खातं पुरवतं. निधी आणि जागेची सोय, स्वयंसेवकांची पडताळणी ही कामं नेव्ही लीग, आर्मी कॅडेट लीग आणि एअर कॅडेट लीग या तीन नागरी संस्था आणि त्यांच्या स्थानिक समित्या पाहतात. ब्रिटनच्या सी कॅडेट्समध्ये तर प्रत्येक शाखा ही स्वतंत्र धर्मादाय संस्था असते आणि तिचे विश्वस्त तिच्या पैशाला जबाबदार असतात. याउलट भारतातली एनसीसी १९४८ च्या कायद्याने उभी राहिली. ती शाळा-महाविद्यालयांतून चालते आणि खर्च केंद्र व राज्य सरकारं उचलतात. त्यामुळे एनसीसी पाहिलेल्या पालकांना ‘पैसे आपण का जमवायचे’ हा प्रश्न पडतोच.

लहान पथकाला पाच ते सात जणांची समिती पुरते. अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार ही तीन पदं तीन वेगळ्या माणसांकडे हवीत. उरलेल्यांत एकाकडे निधी संकलन आणि एकाकडे स्वयंसेवकांची यादी. पथकप्रमुख बैठकीला यावेत, आपली गरज मांडावी, पण मतदानात नसावेत. पैसा मागणारा आणि पैसा मंजूर करणारा एकच असला की पुढे प्रत्येक खर्चावर शंका येते. नवरा-बायको किंवा बहीण-भाऊ दोघंही समितीत असायला हरकत नाही, मात्र बँकेतल्या सह्यांचे अधिकार दोघांना देऊ नयेत.

समितीने कवायतीत किंवा बढतीत लक्ष घालू नये. ‘माझ्या मुलाला अजून पट्टी का मिळाली नाही’ हा विषय बैठकीत आला की अध्यक्षांनी तो तिथेच थांबवावा. त्याची जागा पथकप्रमुखाशी पालक म्हणून स्वतंत्र बोलणं ही आहे.

प्रश्न : आमची समिती दरवर्षी आधी पैसे गोळा करते आणि मग बसतील तेवढे उपक्रम करते. वर्षाच्या शेवटी नेहमी ओढाताण होते. अंदाजपत्रक कसं बांधावं?
— नव्याने खजिनदार झालेला वाचक

क्रम उलटा करा. वर्ष सुरू व्हायच्या दोन महिने आधी पथकप्रमुखाकडून वर्षभराचा प्रशिक्षण आराखडा लेखी घ्या : किती शिबिरं, किती दिवसांची, किती मुलं, कोणती साधनं. त्याशिवाय अंदाजपत्रकाला हात लावू नका, कारण खर्च त्या कागदातून निघतो.

खर्चाचे तीन गट करा. पहिला, एकही उपक्रम झाला नाही तरी द्यावाच लागणारा : जागेचं भाडं, विमा, वरच्या संस्थेला द्यायची दरडोई रक्कम, बँक, छपाई. दुसरा, उपक्रमांचा. तिसरा, वस्तूंचा : तंबू, वाद्यं, ध्वज, सामानाची पेटी. समजा वर्षाचा एकूण खर्च १००० एकक आहे, त्यात स्थिर ४००, उपक्रम ४५०, वस्तू १५०. खात्रीची जमा, म्हणजे मंजूर झालेलं अनुदान १५० आणि पालकांकडून गेल्या वर्षी प्रत्यक्ष आलेली ऐच्छिक रक्कम २००, मिळून ३५०. तूट ६५०. आता निधी संकलनाचं उद्दिष्ट ६५० ठेवलंत तर पावसात वाहून गेलेला एक कार्यक्रम सगळं वर्ष बिघडवतो. ७५० ठेवा. रस्त्यावर डबे घेऊन केलेलं संकलन २५०, सोडत २००, वाद्यवृंदाचा कार्यक्रम १५०, व्यावसायिकांच्या देणग्या १५०.

हे सगळे आकडे खर्च वजा जाता उरलेले हवेत. इथे बहुतेक समित्या फसतात. कार्यक्रमात ३०० जमले म्हणून आनंद होतो, सभागृह, छपाई आणि ध्वनियंत्रणेचे १५० गेले हे वेगळ्या पानावर राहतं. त्याच जोडीला माणसांचे तासही मोजा. डब्यांच्या संकलनाला सगळे मिळून १२० तास लागले आणि २५० मिळाले, तर तासाला दोनच्या वर पडतात. कार्यक्रमाला तालमी धरून ३०० तास गेले आणि १५० मिळाले, तर तासाला अर्धा. वाद्यवृंदाचा कार्यक्रम मुलांच्या आनंदासाठी जरूर करा, आमचंही मत तसंच आहे, पण त्याच्यावर भाड्याचा भार टाकू नका.

उपक्रमांचा खर्च नुसता दरडोई धरू नये. बस माणशी मिळत नाही, अख्खी मिळते. ४६ कॅडेट आणि ५ प्रौढ म्हणजे ५१ जण, बस ५० आसनांची : एका माणसामुळे दुसरी बस. म्हणून नावं ठरायच्या आधीच पथकप्रमुखाशी बोलून घ्या की मर्यादा ४५ वर ठेवायची की छोटं वाहन जोडायचं. हेच तंबूंना, नेमबाजीच्या मैदानावरच्या तुकड्यांना आणि प्रशिक्षकांच्या प्रमाणाला लागू आहे.

शेवटचा भाग महिनेवार तक्ता. बारा रकाने, वर जमा, खाली खर्च, तळाशी महिनाअखेरची शिल्लक. कॅनडात पथकांचं प्रशिक्षण सप्टेंबरपासून जूनपर्यंत चालतं. अशा वर्षात भाडं, विमा आणि दरडोई रक्कम पहिल्या दोन महिन्यांतच भरायची आली आणि संकलन त्यानंतर ठेवलेलं असलं, तर वर्ष एकूण शिलकीचं असूनही दुसऱ्या महिन्यात खातं कोरडं पडतं. तुमची वर्षाअखेरची ओढाताणही बहुधा याच जातीची, म्हणजे जमा आणि खर्चाचे महिने न जुळल्याची आहे. त्यावर उपाय गंगाजळीचा : सहा महिन्यांच्या स्थिर खर्चाइतकी, वरच्या उदाहरणात २००, दोन-तीन वर्षांत हळूहळू बाजूला टाकलेली. तिला हात लावायला समितीचा ठराव लागेल असं लिहून ठेवा.

प्रश्न : काही पालक ठरलेली रक्कम देत नाहीत. शिबिराची यादी करताना त्यांच्या मुलांना मागे ठेवावं का?
— समितीचा एक सदस्य

नाही. कॅनडाच्या कॅडेट व्यवस्थेत सभासदत्वाला सक्तीचं शुल्कच नाही आणि पैसे नसल्यामुळे कोणाला प्रशिक्षणाबाहेर ठेवता येत नाही. तुमच्या देशात शुल्क घ्यायला परवानगी असली तरी हे तत्त्व स्वीकारा. समितीची सगळी धडपड याच एका कारणासाठी असते. पैसे न भरलेल्या घरच्या मुलाला मागे ठेवायचं असेल, तर समितीऐवजी तिकीटखिडकी पुरली असती.

ते करायचं कसं, हा खरा प्रश्न आहे. पालकांना वर्षाच्या सुरुवातीला एकच पत्र द्या. त्यात पथकाचा दर कॅडेटमागचा खर्च किती, त्यातला किती समिती बाहेरून उभा करते आणि किती पालकांकडून अपेक्षित आहे हे तीन आकडे स्पष्ट लिहा. खाली तीन पर्याय : पूर्ण रक्कम, हप्त्यांत, आणि ‘आम्हाला यंदा मदत लागेल’. चौथा पर्यायही ठेवा, ‘आम्ही आणखी एका मुलाचा वाटा देऊ’. तो निवडणारे पालक निघतात, त्यांना फक्त कोणीतरी विचारावं लागतं. हे पत्र सगळ्यांना सारख्याच पाकिटात जावं आणि सगळ्यांकडून परत यावं, म्हणजे कोणी कोणता पर्याय निवडला हे इतरांना कळत नाही.

मदतीची नावं एकाच माणसाला माहीत असावीत, शक्यतो खजिनदाराला. समितीपुढे ‘यंदा सहा कॅडेट, एकूण इतकी रक्कम’ एवढंच यावं. उत्पन्नाचे दाखले मागू नका. खोटं बोलून थोडे पैसे वाचवणारं एखादं घर असेलही, पण दाखला मागितल्यावर लाजेने अर्ज न करणारी घरं त्याहून जास्त असतात, आणि त्या घरातलं मूल काहीच न सांगता यायचं बंद होतं. तीन आठवडे सलग गैरहजर राहणाऱ्या कॅडेटच्या घरी पथकातून फोन जायलाच हवा, आणि त्या फोनवर पैशाचा विषय आपण होऊन हलका करून टाकावा.

आठवण मुलाच्या हातून पाठवू नका, ओळीत उभं करून तर कधीच नाही. गणवेशातला अधिकारी पैशाची वसुली करणार नाही, हा नियम लेखी असू द्या. ज्या मुलाने त्या अधिकाऱ्याकडे अडचण सांगायची, त्याच्या मनात तो माणूस वसुलीवाला म्हणून बसता कामा नये.

शुल्कापेक्षा जास्त अडचण बहुतेक वेळा छुप्या खर्चाची असते : बूट, झोपायची पिशवी, पाठपिशवी, पावसाळी कोट, शिबिराच्या जागेपर्यंतचा प्रवास. यासाठी सामानाची पेढी सुरू करा. मोठं होऊन गेलेल्या कॅडेटांकडून धड असलेल्या वस्तू घ्या, धुऊन, मापाची चिठ्ठी लावून ठेवा आणि सगळ्यांनाच उसन्या द्या. गरजूंसाठीची पेढी अशी पाटी लावली की कोणी फिरकत नाही. बूट मात्र दुसऱ्याच्या पायाला घडलेले असतात. टाचेकडून एका बाजूला झिजलेले किंवा आतला तळवा दबलेले देऊ नयेत. पायाला फोड आलेलं मूल दुसऱ्या दिवशी चालू शकत नाही.

प्रश्न : रस्त्यावर डबे घेऊन निधी गोळा करायचा विचार आहे. पथक ४० जणांचं आहे. तयारी काय करावी?
— एका समितीच्या चिटणीस

परवानगी आधी. सार्वजनिक जागेसाठी स्थानिक प्रशासनाची आणि खाजगी आवारासाठी मालकाची, दोन्ही लेखी. अनेक शहरांत एका दिवशी एकाच संस्थेला जागा देतात, त्यामुळे तारीख काही महिने आधी मागावी लागते. परवान्याच्या प्रती प्रत्येक ठिकाणच्या प्रौढाजवळ असाव्यात. मुलांच्या किमान वयाचा नियमही त्याच वेळी विचारून घ्या.

मग माणसांचं गणित. सहा जागा, दिवसाचे आठ तास, दोन तासांची पाळी म्हणजे सहा गुणिले चार, २४ पाळ्या. प्रत्येक पाळीत दोन कॅडेट : ४८ कॅडेट-पाळ्या. तुमच्या ४० पैकी आठ जणांना दोनदा यावं लागेल किंवा जागा पाच कराव्या लागतील. प्रत्येक जागी एक प्रौढ म्हणजे २४, शिवाय तीन-तीन जागांवर फिरती नजर ठेवणारे दर पाळीला दोन, म्हणजे आणखी ८, मिळून ३२. राखीव म्हणून पाच कॅडेट आणि चार प्रौढ. दोन तासांपेक्षा लांब पाळी लावू नका. तिसऱ्या तासाला मुलं भिंतीला टेकतात, आपसात बोलू लागतात आणि लोक वळसा घालून जातात.

डबे बंद आणि क्रमांकित हवेत, झाकणावर मोहोर किंवा एकदाच वापरता येणारी पट्टी. नोंदवहीत डब्याचा क्रमांक, मोहोरेचा क्रमांक, कोणाला दिला, कधी दिला, कधी परत आला आणि सही. डबा जागेवर उघडायचा नाही, सुट्टे द्यायलाही नाही. त्यातून कोणाचा चहापाण्याचा खर्चही भागवायचा नाही. तो खर्च वेगळा करून वेगळा लिहावा. संध्याकाळी एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी प्रत्येक डबा स्वतंत्र मोजावा, मोजणीच्या कागदावर दोघांनी सही करावी आणि तिसऱ्याने बेरीज तपासावी. पैसे बँक उघडेल त्या पहिल्या दिवशी भरावेत, आणि भरणा मोजणीच्या कागदाशी पैन्‌पै जुळला पाहिजे. कोणाच्या घरी आठवडाभर राहिलेली रक्कम पूर्ण असली तरी ती सिद्ध करता येत नाही.

मोबाइलवरून पैसे घ्यायचा क्यूआर कोड लावणार असाल तर तो समितीच्या नावाच्या खात्याचा असावा. पैसे पाठवताना कोणा व्यक्तीचं नाव दिसलं की देणारा थांबतो, आणि त्याचं बरोबर आहे. भिंतीला चिकटवलेल्या कोडवर दुसऱ्याच खात्याचा कोड चिकटवण्याची फसवणूक सोपी आहे, म्हणून कोड कॅडेटच्या गळ्यातल्या पाटीवर ठेवा आणि दर पाळीला एकदा स्वतःच्या मोबाइलवर तपासा.

मुलांना चार वाक्यं शिकवा : आम्ही कोण, पैसे कशासाठी, धन्यवाद, आणि नाही म्हणणाऱ्यालाही ‘दिवस चांगला जावो’. समोरच्याच्या वाटेत उभं राहायचं नाही, डबा हलवायचा नाही. ‘पैसे कशासाठी’ याचं उत्तर ठोस हवं. ‘पथकासाठी’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतो आणि मूल गडबडतं. ‘मे महिन्यातल्या शिबिराच्या बससाठी’ हे कोणालाही कळतं.

प्रश्न : सोडतीची तिकिटं छापून मुलांकडे विकायला दिली तर चालतं ना?
— एक पालक

सोडत हा बहुतेक देशांत जुगाराच्या कायद्याखाली येणारा प्रकार आहे, उद्देश कितीही चांगला असो. ब्रिटनमध्ये २००५ च्या गॅम्बलिंग ॲक्टखाली लहान संस्थांना स्थानिक प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते, विक्रीतला किमान २० टक्के भाग संस्थेच्या कामाला जावा लागतो आणि सोडतीनंतर तीन महिन्यांत हिशेब द्यावा लागतो. कॅनडात परवाना प्रांतागणिक. तिकिटं छापायच्या आधी हे पूर्ण करा, कारण तिकिटावर काय छापलंच पाहिजे तेही तिथेच ठरलेलं असतं. विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या वयाचा नियमही तिथेच पाहा.

हिशेब बिघडतो तो परत न आलेल्या पुस्तकांमुळे. प्रत्येक पुस्तक क्रमांकाने पालकाच्या सहीवर द्या, सोडतीच्या सात दिवस आधी सगळी पुस्तकं परत मागवा, विकलेल्यांच्या स्थळप्रती आणि पैसे जुळवा, न विकलेली तिकिटं रद्द करून जपून ठेवा. हरवलेल्या पुस्तकाचे पैसे मुलाकडून वसूल करू नका. पण ते पुस्तक रद्द झाल्याची नोंद सोडतीआधी झालीच पाहिजे. घरपिछे ठरावीक पुस्तकं खपवण्याची सक्ती हे मागच्या दाराने आलेलं शुल्कच आहे.

प्रश्न : मी पेशाने हिशेबनीस नाही. खजिनदार म्हणून किमान काय सांभाळलं की निश्चिंत राहता येईल?
— एका पथकाच्या खजिनदार

पाच गोष्टी. पहिली, खातं समितीच्या नावावर आणि प्रत्येक पैसे देण्याला दोन सह्या किंवा ऑनलाइन दोन मंजुऱ्या. कोऱ्या धनादेशावर आगाऊ सही करून ठेवण्याची सवय फार पसरलेली आहे. तिने दुसऱ्या सहीचा अर्थच संपतो.

दुसरी, रोजकीर्द रोज नाही तरी दर आठवड्याला. प्रत्येक जमेला पावती क्रमांक, प्रत्येक खर्चाला बिल आणि ज्या बैठकीत तो मंजूर झाला तिची तारीख.

तिसरी, महिन्याला बँकेशी ताळमेळ. समजा बँकेच्या उताऱ्यावर ९,११० शिल्लक आहे. तुम्ही दिलेले पण अजून न वटलेले धनादेश ९०० चे आहेत आणि भरलेले पण उताऱ्यावर न आलेले २५०. ९,११० वजा ९०० अधिक २५०, म्हणजे ८,४६०. तुमच्या वहीत हाच आकडा हवा. फरक नऊने भागला जात असेल तर आधी आकड्यांची अदलाबदल शोधा, ५४ च्या जागी ४५ लिहिलेलं सापडतं. फरक दोनने भागला जात असेल तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद चुकीच्या बाजूला गेली आहे का पाहा. हा ताळमेळ सह्यांचे अधिकार नसलेल्या एका सदस्याने तपासून त्यावर तारीख टाकावी.

चौथी, बांधील पैसा वेगळा. वाद्यांसाठी आलेलं अनुदान वाद्यांवरच खर्च व्हायला हवं. बँक खातं एकच असलं तरी वहीत त्याचा रकाना निराळा ठेवा. नाहीतर एकूण शिल्लक भरपूर दिसते, बसचे पैसे दिले जातात आणि वाद्यांच्या वेळी रकाना रिकामा. मुदत संपत आली आणि वाद्यं मिळणार नसतील तर अनुदान देणाऱ्याला लेखी विचारून उद्देश बदलून घ्या, खर्च करून झाल्यावर कळवू नका.

पाचवी, शिबिरासाठी दिलेली उचल. अधिकाऱ्याने परत आल्यावर दहा दिवसांत बिलं आणि उरलेली रक्कम द्यावी, आणि आधीची उचल मिटल्याशिवाय नवी देऊ नये. बिल न मिळालेल्या किरकोळ खर्चासाठी एक छापील चिठ्ठी ठेवा, तिच्यावर रक्कम, कारण आणि दोन सह्या. ती नसली की प्रामाणिक अधिकारी स्वतःच्या खिशातून भरत राहतात आणि दोन वर्षांत थकून सोडून जातात.

वर्षाअखेर समितीबाहेरच्या माणसाकडून हिशेब तपासून घ्या आणि एका पानाचा जमाखर्च सगळ्या पालकांना द्या.

प्रश्न : व्यापाऱ्यांकडे देणगी मागायला गेलं की ‘बघू’ म्हणतात. काय चुकतं? आणि करसवलतीची पावती आम्ही देऊ शकतो का?
— निधी संकलनाचं काम पाहणारा सदस्य

बहुतेक पत्रांत पथकाचा इतिहास असतो, मागणी नसते. एका पानाचं पत्र पुरे : आम्ही कोण (दोन ओळी), काय हवं (एक वस्तू किंवा एक खर्च, रकमेसह), त्याने किती मुलांना काय मिळेल, कधीपर्यंत हवं, पैसे कोणत्या नावाने द्यायचे. प्रत्येकाकडे सारखी मागणी नेऊ नका. वाहतूकवाल्याकडे बस मागा, छापखान्याकडे छपाई, सभागृहवाल्याकडे एक संध्याकाळ. दहा दिवसांनी एक फोन करा आणि नकार आला तरी आभाराचं पत्र पाठवा. देणगी आल्यावर सात दिवसांत पावती, आणि उपक्रम झाल्यावर एक छायाचित्र व चार ओळी. पुढच्या वर्षीचा होकार बहुधा त्या चार ओळींवरच ठरतो. छायाचित्राला पालकांची लेखी संमती घेतलेली असावी, आणि मुलांची पूर्ण नावं खाली देऊ नयेत.

दारू, तंबाखू आणि जुगाराच्या धंद्यांकडून घ्यायचं नाही, हा ठराव आधीच करून ठेवा. समोर रक्कम आल्यावर ठराव करणं अवघड जातं. देणगीदाराचं चिन्ह फलकावर चालेल, गणवेशावर नाही.

करसवलतीची पावती फक्त नोंदणीकृत धर्मादाय संस्थेलाच देता येते. कॅनडात दिलेल्या सेवेची पावती देता येत नाही, वस्तूची देता येते, ती बाजारमूल्याइतकी. देणगीदाराला बदल्यात काही मिळालं असेल, जसं कार्यक्रमाचं आसन, तर त्याची किंमत वजा करूनच पावती करायची. सोडतीच्या तिकिटावर पावती नाही. ब्रिटनमध्ये गिफ्ट एडखाली करदात्याच्या देणगीवर संस्थेला सरकारकडून २५ टक्के आणखी मिळतात, त्यासाठी देणगीदाराचं भरलेलं प्रतिज्ञापत्र हवं. ते कागद न घेतल्यामुळे अनेक समित्या हक्काचा पैसा सोडून देतात. पालकांच्या ऐच्छिक रकमेवर ही सवलत लागू होईल का, हे मात्र ती रक्कम खरोखर ऐच्छिक आहे का, यावर ठरतं. शिबिराच्या जागेचे पैसे देणगी म्हणून दाखवू नका.

प्रश्न : दरवर्षी तीच तीन माणसं राबतात. नवे पालक येतच नाहीत.
— दमलेल्या अध्यक्ष

‘समितीत या’ ही मागणीच मोठी आहे. त्यात किती वेळ जाईल, काय करावं लागेल, सुटका कधी होईल काहीच कळत नाही. काम तोडून द्या : एका शनिवारी दोन तास डबे मोजणं, महिन्यातून एकदा सामानाची पेढी उघडणं, वर्षातून एकदा विम्याच्या तीन निविदा आणणं. प्रत्येक कामाला तास आणि तारीख लिहा. अशी पंधरा-वीस कामं कागदावर मांडून नव्या पालकांच्या पहिल्याच सभेत फिरवा. सहा महिन्यांनी मागितलं तर लोकांना पथक आपोआप चालतं असं वाटू लागलेलं असतं. आणि पालकाला नाव घेऊन विचारा. सभेत सगळ्यांना उद्देशून केलेली विनंती कोणाच्याच वाट्याला येत नाही.

मुलांजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाची पडताळणी लागेल. इंग्लंड आणि वेल्समध्ये डीबीएस ही गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी, कॅनडात मुलं आणि इतर असुरक्षित व्यक्तींसोबत काम करणाऱ्यांची पोलिसांकडची तपासणी. त्याला आठवडे लागतात, म्हणून अर्ज लगेच भरून घ्या आणि तोवर मुलांशी संबंध न येणारी कामं द्या. मोजणी, छपाई, पत्रव्यवहार याला माणूस लगेच लागू शकतो. पडताळणी झालेल्या माणसानेही एकट्या मुलासोबत बंद खोलीत किंवा गाडीत असू नये.

पदांना मुदत घाला, दोन किंवा तीन वर्षं, आणि शेवटच्या वर्षी पुढचा माणूस सहाय्यक म्हणून बरोबर ठेवा. प्रत्येक पदाची एक फाइल असावी : वर्षाचं वेळापत्रक, परवान्यांच्या तारखा, संपर्क, गेल्या वर्षी काय अडलं. खात्याच्या सह्या बदलायला बँक वेळ घेते, नव्या समितीच्या ठरावाची प्रत पहिल्याच आठवड्यात द्या. जुन्या खजिनदाराकडे अधिकार राहिले आणि तो गाव सोडून गेला, की ऐन शिबिराच्या तोंडावर पैसे अडकतात.

प्रश्न : पथक बंद झालं किंवा दुसऱ्यात विलीन झालं तर जमलेला पैसा आणि सामान कोणाचं?
— एक वाचक

समितीच्या घटनेत जे लिहिलं आहे त्याप्रमाणे, आणि म्हणूनच ते कलम आज वाचा. पैसा सभासदांत वाटता येत नाही, तो त्याच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेकडे जावा लागतो. सहसा वरच्या संस्थेकडे किंवा जवळच्या पथकाकडे. बांधील देणग्यांसाठी मूळ देणगीदाराला विचारावं लागतं. सामानाचा वाद टाळायचा तर नोंदवही दोन भागांत ठेवा : सरकारने किंवा वरच्या संस्थेने दिलेलं एका भागात, समितीने विकत घेतलेलं दुसऱ्यात, प्रत्येक वस्तूवर क्रमांक आणि खरेदीची तारीख. वर्षातून एकदा दोघांनी मिळून वस्तू समोर ठेवून नोंद तपासावी. मोडलेलं, हरवलेलं सामान ठरावाने कमी करावं, नुसतं खोडू नये.